गोचिडाचा पत्ता

गोचिडाची सगळ्यात जास्त बदनामी केली ती कीर्तनकारांनी. कासेला चिकटलेला असतो, दूध बोटभर अंतरावर, तरी हा करंटा रक्तच पितो, हा दृष्टांत ऐकत आमच्याकडच्या पिढ्या वाढल्या. ऐकताना सगळे माना डोलावतात. गोचिडाची बाजू मांडायला कुणी उभं राहत नाही. त्याला दूध पचवायची सोयच देवाने दिलेली नाही. आणि बारामती-इंदापूर पट्ट्यातलं दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या कॅनमध्ये जातं. तिथे वासराची मारामार, गोचिडाला कोण विचारतो?

माझं आजोळ इंदापूर तालुक्यातलं, उसाच्या मुलखातलं. मामांच्या परसात पूर्वी खिलार बैलजोडी असायची. खिलाराची कातडी घट्ट, केस आखूड आणि स्वभाव तापट. गोचिडालाही तिथे बिऱ्हाड थाटताना विचार करावा लागे. आता दावणीला वाढे खात उभ्या असतात त्या संकरित होल्स्टीन गाई. दुधाला उदार, गोचिडालाही उदार. कानामागे, गळ्याच्या पोळीखाली, मांडीच्या खोबणीत, शेपटीच्या बुडाशी, जिथे मऊ कातडी तिथे पाहुणा.

नुसतं रक्त प्यायला असता तर चाललं असतं. पण तो रोगही घेऊन येतो. थायलेरिया झाला की गाय तापाने फणफणते, गाठी सुजतात, रवंथ बंद. त्याला सगळे गोचीड तापच म्हणतात. बबेसिया झाला तर लघवी लाल होते आणि मामांचा चेहरा पांढरा. 1893 मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुरांचा टेक्सास ताप गोचीड पसरवतो, हे सिद्ध केलं. तिकडचे गुराखी हे आधीपासून म्हणत होते, पण गुराख्याचं कोण ऐकतो? रोनाल्ड रॉसला डासात हिवतापाचा जंतू सापडला तो त्यानंतर, 1897 साली. तरी जागतिक दिवस मिळाला डासाला. मान गोचिडाचा होता, असं माझं मत आहे.

मामांची लढाई वर्षानुवर्षं गाईच्या अंगावर चालली. हाताने वेचायचे, चपलेखाली चिरडायचे. कुणी करंजतेल सांगे, कुणी तंबाखूचं पाणी, कुणी लिंबोळीचा अर्क. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की सल्ल्यांचाही पाऊस पडतो, कारण वारकऱ्यांतले निम्मे गुरंवालेच. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. ते पाहून आल्यावर मामा म्हणाले, "आपल्या गाईंचंबी एकदा रिंगण करावं म्हणतो." मामी म्हणाल्या, "आधी गोठा झाडा."

मामींचं बरोबर होतं, हे पशुवैद्यांनी सांगितलं. औषधाचा कागद लिहून झाल्यावर ते गाय सोडून भिंत बघत राहिले. आजोबांनी मातीत रचलेली दगडी भिंत, फटीफटींची. "मामा, गाय फवारता, भिंत कोण फवारणार?" मग त्यांनी गोचिडाचा खरा पत्ता सांगितला. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी अंगावरून खाली गळून पडते, सरपटत फटीत शिरते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंडी फुटली की सहा पायांची पिल्लं बाहेर येतात. उरलेले दोन पाय वाढत्या वयात येतात. जनावराचा उच्छ्वास, त्याची ऊब जाणवली की फाट्यावर एसटीला हात करणाऱ्या माणसासारखे पुढचे पाय वर करून उभी राहतात. एसटी आली नाही तरी घाई नसते. उपाशीपोटी ती महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणजे आपण अंगावरच्या पाच-पन्नासांशी झुंजत असतो आणि फौज भिंतीत मुक्कामाला असते.

उपाय त्यामानाने रुक्ष आहेत. फटी लिंपायच्या, चुना मारायचा, कडबा-वैरण लांब ठेवून भिंतीवरून फ्लेम गन फिरवायची. फवारणी सगळ्या जनावरांवर एकाच दिवशी, शेळी-कुत्र्यासकट, मात्रा डॉक्टर सांगतील तेवढीच. आणि अंडी फुटायच्या हिशेबाने पुन्हा. तेच ते औषध वर्षानुवर्षं मारलं तर गोचीड त्याला पचवतो. (दूध नाही पचत, विष पचतं. कीर्तनकारांनी हे घ्यायला हवं.)

पण मामांना "भिंत" हा शब्द झोंबला. वडिलांच्या हातची भिंत. तिला ते मित्रपक्ष समजत होते. गिलावा करायचा म्हणजे गवंडी आला, सिमेंट आलं, आणि "दिवाळीनंतर बघू" हेही आलं.

मग मामींनी कोंबड्या आणल्या. गावठी, चपळ, कुणाचं न ऐकणाऱ्या. मुक्तसंचार गोठे करणारे बरेच जण हल्ली कोंबड्या गोठ्यातच सोडतात. त्या शेण उकरतात, अळ्या खातात आणि गळून पडलेली टम्म मादी दिसली की झडप घालतात. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला हिवाळ्यात पुण्याहून गाड्या येतात. वाटेत म्हशींमागे चालणाऱ्या गायबगळ्याचा फोटो कुणी काढत नाही. खरं तर तोही थोडेफार गोचीड टिपतो, पण त्याचा खरा जीव नाकतोड्यांत. कोंबडी मात्र दिवसभर हजर. कोंबड्यांनी औषध बंद झालं नाही, फटीही शिल्लक आहेत. पण गाईच्या पोळीखाली हात घातला की पूर्वीसारखं खडबडीत लागत नाही.

परवा शेजारचे तात्या आले. त्यांच्याही गोठ्यात गोचीड माजलेत. "वहिनी, चार दिवस कोंबड्या द्या की."

मामी म्हणाल्या, "न्या. पण रोज संध्याकाळी अंडी इकडं आणून द्यायची."

तात्या अजून विचार करताहेत.