वायरशिवाय वाजवणारे

सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीला गाणी रंगतात, तिथे हे गृहस्थ असतातच. इतर जण गिटार आणतात, हे अकूस्टिक बेस आणतात. अॅम्प्लिफायरचं नाव काढलं की एकादशीला कुणी कांदाभजी पुढे केल्यासारखा चेहरा करतात. ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ बघून हे व्रत घेतलेलं. तिथल्या बेसमध्येही पिकअप असतो आणि तो ध्वनियंत्रणेला जोडलेला असतो, हे सांगायला जाऊ नये. मैत्री तुटते.

खरेदीला ते भर दुपारी जातात, दुकानात चिटपाखरू नसताना. बेस मांडीवर घेतात, खालचा ई छेडतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, “पोटात घुमतोय!” घुमणारच, पेटी पोटालाच टेकलेली. त्या ईची कंपनं सेकंदाला जेमतेम 41, लहर आठ मीटरहून लांब. एवढा खालचा सूर चारचौघांना ऐकवायचा तर पेटीही तशीच दांडगी हवी. म्हणून तर उभा डबल बेस माणसाहून उंच आणि मेक्सिकोतल्या मारियाचीवाल्यांचं गिटारॉन पोट सुटलेलं. 1972 साली एर्नी बॉलने अर्थवूड नावाचा असाच थोराड बेस काढला. व्हायोलेंट फेम्स या बँडच्या ब्रायन रिचीने तो गाजवला. हे सगळं आमच्या गृहस्थांना तोंडपाठ. तरी घेतात मात्र सडपातळ, कारण “मोठा हाताखाली येत नाही हो.” त्यात पिकअपही असतो. त्याची बॅटरी तत्त्व म्हणून काढून ठेवलेली.

ब्राँझच्या तारा त्यातल्या त्यात खणखणीत. पण बोटं सरकली की करकरतात. म्हणून यांनी नायलॉन गुंडाळलेल्या काळ्या तारा चढवल्या. आवाज गोड झाला, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला पडताळता आलेलं नाही.

कोजागिरीला दोन गिटारी आणि एक कहोन (वर बसून वाजवायचं खोकं) सुरू झाला. हे मान डोलवत, घामाघूम होऊन वाजवत होते. गाणं संपता संपता शेजारच्या काकूंनी मायेने विचारलं, “तुम्ही कधी वाजवणार?”

तुम्हाला असा बेस घ्यायचाच असेल, तर गिटारवाला मित्र सोबत न्या. त्याला जोरात वाजवू द्या, बेस तिसऱ्याच्या हाती द्या आणि स्वतः दहा फुटांवर उभे राहा. ऐकू आला तर घ्या. नाहीतर छोटा अॅम्प घ्या, आणि ती बॅटरी बसवा.