उष्णतेचा विकार

सिग्नलला थांबलो की मी मोटारसायकलवर जरा वर उठून लांब कुठेतरी बघत राहतो. बघणाऱ्याला वाटावं, लडाखला निघालेला कोणी भटक्या असेल. प्रत्यक्षात मी कर्वे रोडवर असतो आणि माझी बैठक भाजत असते.

वयाच्या ५२ व्या वर्षी मी दोन सिलिंडरांची, व्ही आकाराच्या इंजिनाची सेकंडहँड गाडी घेतली. एका सिलिंडरात भागलं असतं. पण ऑफिसच्या पार्किंगमध्ये सहज सुरात ‘दोन आहेत’ म्हणायचा मोह सुटेना. पुढच्या सिलिंडरला वारा लागतो, मागचा त्याच्या आडोशाला बसतो, म्हणजे बरोब्बर माझ्या खाली, हे नंतर कळलं. गाडी पळत असेपर्यंत ठीक. पण पुण्यात पळतं कोण? पेट्रोलमधल्या ऊर्जेचा पाव, फार तर तिसरा हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता. शंभराच्या पेट्रोलमधले सत्तर रुपये जाळून मी वारा तापवतो, आणि वारा नसला की स्वतःला.

उपाय मीच करायचा ठरवला. इंजिनिअर आहे मी. सिव्हिल असलो म्हणून काय झालं? सीटच्या खालच्या अंगाला उष्णता परतवणारं चंदेरी शीट चिकटवलं. इथवर शास्त्राला धरून होतं. मग बाजूच्या सगळ्या फटी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करावं तशा बुजवल्या. गरम हवा त्यांतूनच बाहेर पडत होती. दुसऱ्या दिवशी नळस्टॉप यायच्या आत तिने नवी वाट शोधली, टाकी आणि सीट यांच्या सांध्यातून. पुढचं सांगत नाही.

मेकॅनिकने माझं सगळं बांधकाम पाडलं. शीट तेवढं ठेवलं, मागे हवेला जागा सोडून. काळंकुट्ट ऑईल बोटावर घेऊन दाखवलं आणि म्हणाला, “साहेब, मोठ्या सिग्नलला गाडी बंद करत जा की.” पण बंद केली की धडधडही बंद! आणि ती चार लोकांना ऐकवायलाच तर मी हप्ते भरतोय.

घरी मी अवाक्षर काढलं नव्हतं. पण जेवताना एका अंगावर कलून बसलो आणि आईने निदान केलं, “उष्णता झालीय.”

आमच्या घराण्यात हा एकच आजार आहे. तोंड आलं, उष्णता. डोळे चुरचुरले, उष्णता. बारावीला गणितात गचकलो तेव्हाही आठवडाभर सब्जा प्यायलो होतो. जगातले तमाम पदार्थ आईने उष्ण आणि थंड अशा दोन पक्षांत वाटलेत. पपई उष्ण, गूळ उष्ण. आंबा कट्टर उष्ण, पण तासभर पाण्यात बसवला की पक्षांतर करतो. तूप कुठल्याही सरकारात असतं. ताक थंड, पण रात्री त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्या दिवसापासून मला धन्या-जिऱ्याचं पाणी, गुलकंद आणि कोकम सरबत सुरू झालं.

“आई, ही इंजिनाची उष्णता आहे गं.”

“कुणाची का असेना, अंगात गेलीच ना?”

याला थर्मोडायनॅमिक्समध्ये उत्तर नाही.

रात्री तिने फडताळातून काशाची वाटी काढली. बाबा गेल्यापासून ती वाटी बाहेर आली नव्हती. तळपायाला तूप लावून घासायला लागली. ८१ वर्षांचा हात. वाटी मध्येच निसटायची, ती पुन्हा धरायची. मी पाय ओढून घेऊ लागलो, तर घोट्यावर चापट बसली. हळूहळू तूप काळं पडलं, मेकॅनिकच्या बोटावरच्या ऑईलसारखं.

“बघ, केवढी निघाली!”

काशात तांबं असतं, तुपाने काळं पडतं ते तेच, उष्णता नव्हे, असं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिचा थरथरता अंगठा टाचेवर टेकला.

“किती रे भेगा,” ती म्हणाली. “दुसरा पाय दे.”

मी दिला.