कॅमेऱ्यात फुंकर मारणाऱ्या दुरुस्तीवाल्यास अनावृत पत्र

महाशय,


माझ्या भाचीने काउंटरवर ठेवलेला कॅमेरा तुम्ही उचललात, पडद्यावर एक फोटो पाहिलात आणि निदान करून मोकळे झालात: लेन्सला बुरशी लागली आहे, नवी घ्या. पुरावा काय, तर आभाळात दिसणारे काळपट ठिपके. तेवढ्यावर तिला नवी लेन्स विकलीत. वर लेन्स काढून कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडात जोरदार फुंकर मारलीत आणि तिचे 'सफाई' म्हणून पैसे लावलेत. लग्नांचे फोटो काढून ती आता कुठे कमवू लागली आहे. तुम्ही घेतलेत ते तिच्या हंगामाचे पैसे, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

बुरशी तुम्ही पाहिलेली नाही, असं मी मानत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात लेन्स कपाटात पडून राहिली की आतल्या काचेवर जाळं धरतं. त्याने फोटो धुरकट होतो, समोरून उजेड आला की पांढुरका पडतो. पण दर फोटोत त्याच जागी एक बारीक गोल ठिपका? तो बुरशीचा नव्हे. तुमच्या कपाटात इतक्या लेन्स आहेत. त्यातली एक लावून बघायची होती. लेन्स बदलूनही ठिपका जागचा हलत नाही, म्हणजे धूळ सेन्सरवर. दोन मिनिटांचं काम. तुम्ही ते केलं नाहीत आणि चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीत.

मांडवातल्या फोटोंत डाग नाहीत, समुद्रकिनाऱ्यावरच्या भर उन्हातल्या फोटोंत आहेत, हे तिने तुम्हाला सांगितलं होतं. तिथेच रोग ओळखायचा! धूळ बसते ती सेन्सरच्या पुढच्या काचेच्या फिल्टरवर. अ‍ॅपर्चर एफ/२.८ ला उघडं असेल तर प्रकाश रुंद कोनातून येतो आणि कणाची सावली विरून जाते. एफ/१६, एफ/२२ ला तीच सावली ठसठशीत उमटते. खात्री करायला आयएसओ १००, एफ/२२, फोकस मुद्दाम बिघडवून कोऱ्या कागदाचा एक फोटो काढायचा आणि संगणकावर त्याचा कॉन्ट्रास्ट चढवायचा. फोटोत डावीकडे वर दिसणारा डाग सेन्सरकडे समोरून पाहताना डावीकडे खाली सापडतो, कारण प्रतिमा तिथे उलटी पडते. तुम्ही कुठे शोधलात?

आणि ती फुंकर! आधीची धूळ तशीच आहे, वर तुमच्या थुंकीचे शिंतोडे वाळले आहेत. कोरडा कण रबरी ब्लोअरने उडतो. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, नाहीतर सफाई चालू असताना सेन्सरपुढचा वर उचललेला आरसा खाली येतो. मेनूतून क्लीनिंग मोड लावायचा, कॅमेरा तोंड खाली करून धरायचा, ब्लोअरचं टोक आत घुसवायचं नाही. चिकटलेला डाग मात्र ओल्या स्वॅबनेच निघतो: फुल फ्रेमला २४ मिलिमीटर रुंदीचा, सेन्सरसाठीच्या द्रवाचे एक-दोन थेंब, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच सलग हात, मग स्वॅबच्या दुसऱ्या बाजूने परत. वापरलेला स्वॅब पुन्हा कुणाच्या कॅमेऱ्यात घालायचा नाही. आता हा खर्च तिच्यावर पडला आहे, तुमच्यामुळे.

ग्राहकाला काय कळतंय, असं वाटलं असेल तर निकॉनचा डी६०० कॅमेरा आठवा. २०१२ साली तो बाजारात आला आणि लोक डागाळलेल्या आभाळाचे फोटो पुढे करू लागले. अखेर २०१४ मध्ये कंपनीने हे डाग थांबवण्यासाठी शटर फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं. एवढी मोठी कंपनी नमली ती अशाच फोटोंपुढे.

शनिवारी भाचीबरोबर मीही येते आहे. जुन्या आणि नव्या, दोन्ही लेन्सनी एफ/२२ ला काढलेले फोटो आणीन. डाग दोन्हींत एकाच जागी आहेत. नवी लेन्स खोक्यासकट परत घ्या. तिचे पैसे द्या, फुंकरीचेही द्या.

कळावे,
तिची मावशी