टायरवरची जागा

लेकीकडे कॉव्हेंट्रीला सहा महिने राहायचं म्हणजे पहिले पंधरा दिवस कौतुकाचे आणि उरलेले साडेपाच महिने शेजाऱ्याच्या बागेत डोकावण्याचे. डोकावता डोकावताच अण्णा सापडले. खरं नाव वेगळंच, पण दिसायला हुबेहूब आमच्या वाड्यातले अण्णा. तोच कोपराला विरलेला स्वेटर, दिवसभर काहीतरी पुसत बसायची तीच सवय. आमचे अण्णा चष्मा पुसत. हे गाडी पुसतात.

गाडी म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर. १९७८ची, लाल, दोनच माणसांची. नाव लढाऊ विमानाचं, पण जमिनीला इतकी लगटून की तिच्यात चढायचं नसतं, उतरायचं असतं. आधी एक पाय, मग बूड, मग देवाचं नाव, शेवटी दुसरा पाय. पहिल्यांदा बसलो तेव्हा शेजारून ट्रक गेला, तर त्याचं चाक माझ्या कानाशी!

"रविवारी मेरिडनला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. येताय?" अण्णांनी विचारलं. मेरिडन म्हणजे इंग्लंडचा मध्यबिंदू, अशी जुनी समजूत आहे. आमच्यापासून पाच-सहा मैल. लेक म्हणाली, "बाबा, डबा देते बरोबर." मी हसलो. स्वारगेटहून कात्रजला जाताना कोणी डबा नेतं का?

हसायला नको होतं.

निघाल्यावर अण्णांनी गाडी आधी उलट्या दिशेला, कॅनलीला घातली. माहेर दाखवायला. इथल्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तीन लाखांवर स्पिटफायर झाल्या. आता तिथे ऑफिसं आणि दुकानं आहेत, आणि एका रस्त्याला नाव आहे हेराल्ड अव्हेन्यू. ती पाटी वाचून मी जागच्या जागी उडालो, म्हणजे उडायला जागा होती तितका. हेराल्ड! आमची हेराल्ड! अण्णांना काही सांगणार तेवढ्यात पाऊस आला, आणि पावसाबरोबर गाडीने मान टाकली.

"डिस्ट्रिब्युटर," अण्णा म्हणाले. आपल्याकडे "दमा आहे तिला" म्हणतात त्या सुरात. मग ते उतरले आणि गाडीचं अख्खं तोंड, मडगार्डांसकट, पुढच्या बाजूला उलटं पाडलं. सुसरीने जबडा उघडावा तसं. इंजिन उघडं, पुढची दोन्ही चाकंही उघडी. अण्णांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, खिशातल्या रुमालाने आतलं दव टिपलं, झाकण बसवलं, आणि त्याच रुमालाने स्वतःचं नाक पुसलं. गाडी चालू.

मेळाव्याच्या मैदानाचं तळं झालं होतं. सगळे रसिक जवळच्या पबच्या मागल्या खोलीत, आणि गाड्या बाहेर प्लॅस्टिकखाली. गाड्या बघता येत नाहीत म्हणून मग जुन्या मेळाव्यांचे अल्बम निघाले.

मी पन्नासेक फोटो पाहिले असतील. धावणारी गाडी त्यात एकच होती. वळणावर मागचं आतलं चाक पोटाखाली दुमडलेलं, पोटात कळ आल्यासारखं. सुरुवातीच्या स्पिटफायरना जोरात वळवलं की ही खोड असे, अशी माहिती मिळाली. फोटोनंतर गाडी कुठे गेली ही मिळाली नाही. बाकी सगळ्या फोटोंत गाड्या उभ्या, जबडे उघडे, आणि आत वाकलेल्या पुरुषांची बुडं कॅमेऱ्याकडे.

"हा मी."

"छे, हा मी. तुझी विजार तपकिरी होती."

सालावरून भांडण लागलं की नंबरप्लेट वाचायची. तिथे १९८३पर्यंत पाटीच्या शेवटच्या अक्षरावरून नोंदणीचं वर्ष कळे. ही मंडळी त्यावरून कुंडली मांडतात. एस म्हणजे सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर, एम म्हणजे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर. एकाने तर स्पिटफायरची जन्मकथा सांगितली: कंपनी डबघाईला आलेली, १९६१मध्ये लेलँडने ती विकत घेतली, आणि नव्या मालकांच्या माणसांना कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला नमुना सापडला. त्याने सांगितलं अशा थाटात की ते कापड त्यानेच उचललं असावं.

प्रत्येक फोटोच्या कडेला एक बाई थर्मास घेऊन उभी होती. "ही कोण?" मी विचारलं. मंडळी विचारात पडली. "गाडी एमची आहे," एकाने मदत केली.

"मी आहे ती," कोपऱ्यात केक खाणाऱ्या आजीबाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षं थर्मास धरलाय."

मग मला राहवलं नाही. मोबाइलमध्ये एक फोटो होता, तो काढला. पसरणी घाट, १९७३. आमची स्टँडर्ड हेराल्ड, जबडा उघडा. दादा आत वाकलेले, बूड कॅमेऱ्याकडे, हातात ओलं फडकं. पेट्रोलपंप तापला की त्यावर ते टाकायचं. सात वर्षांचा मी उघड्या पुढच्या टायरवर बसलेला. हेराल्डचं आणि स्पिटफायरचं तोंड एकाच पद्धतीने उघडतं, कारण हेराल्डचीच चासी आखूड करून स्पिटफायर केली. दोघींचं रूपही त्याच इटालियन मिकेलोत्तीने काढलेलं. तेव्हा नात्याने ही मंडळी माझे मावसभाऊच.

मावसभावांनी मोबाइल हातोहात फिरवला. एकाने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि त्याचा चेहरा पडला.

"हा फोटो खोटा आहे. हेराल्डला चार दारं नसतात."

खोलीत शांतता. इंग्लंडात हेराल्ड दोनच दारांची निघाली, हे तिथे वेदवाक्य आहे. मी म्हणालो, "मद्रासला निघाली चार दारांची. १९६८पासून." पुरावा? पुरावा हाच की आमची आत्या त्या गाडीत मागे बसायची. दोन दारांच्या गाडीत पुढची सीट वाकवून नऊवारीतल्या आत्याला मागे सरकवणं कुठल्याच इटालियनाच्या कल्पनेबाहेरचं होतं. हे मी इंग्रजीत सांगू शकलो नाही. हातांनी आत्याचा आकार दाखवला. लगेच पटलं.

त्यानंतर मला दारांशिवाय दुसरं काही कोणी विचारेना. बिजागऱ्या कशा, काचा कशा, मागचं दार वाजायचं का. वाजायचं. सगळे सुखावले.

थर्मासवाल्या आजीबाईंनी मोबाइल सगळ्यात शेवटी घेतला. घाटाच्या कडेला दगडावर बसलेल्या बाईवर बोट ठेवलं.

"आई तुमची? मांडीवरच्या डब्यात काय होतं?"

"पुऱ्या," मी म्हणालो. "तिखटामिठाच्या."

परतताना गाडी गावच्या हिरवळीपाशी पुन्हा थांबली. तिथे पहिल्या महायुद्धात पडलेल्या सायकलस्वारांचं स्मारक आहे. समोरून चारपाच सायकलवाले पावसात सुसाट गेले, एकाने हात केला. अण्णांनी जबडा उघडला आणि आत वाकले. मला कोणी बस म्हटलं नव्हतं, तरी मी पुढच्या टायरवर टेकलो. टायर तेवढाच, मी मात्र वाढलो होतो. लेकीचा डबा उघडला. वास इंजिनापर्यंत पोचला असावा, कारण वंगणाने काळाकुट्ट झालेला एक हात बाहेर आला आणि तळवा वर करून थांबला.