पोटनं काम मानले कसाले?

खानदेशात पोट सुटलं तर लोक ‘तब्येत सुधारली’ म्हणतात. म्हणणाऱ्याचा दोष नाही. वरण-बट्टीत बट्टी कुस्करून वर तूप सोडायचं, सोबत घोटलेली वांग्याची भाजी. एरवी शेवभाजी, आणि तिच्यावर तर्री दिसली नाही तर आचाऱ्याचा अपमान. थंडी पडली की बामणोदची वांगी काड्यांवर भाजली जातात आणि महिनाभर ज्याच्या त्याच्या मळ्यात भरीत पार्टी. संक्रांत उलटते, लग्नसराई जवळ येते, मागच्या वर्षीचा सफारी कपाटातून बाहेर निघतो, आणि तेव्हा कुठे जळगावकराला सुधारलेल्या तब्येतीचा अंदाज येतो.

मग पहाटे मेहरूण तलावाच्या काठी गर्दी होते. चालणारे चालतात, त्यांच्याविषयी काही म्हणणं नाही. माझं लक्ष असतं चटया टाकून पोटाचा व्यायाम करणाऱ्यांकडे. गृहस्थ उताणा झोपतो, दोन्ही हातांची बोटं मानेमागे घट्ट गुंफतो, डोळे मिटतो आणि ‘हं!’ करून डोकं ओढतो. पोट जागचं हलत नाही. मुंडकं मात्र गुडघ्यांच्या दिशेनं निघतं. हनुवटी छातीत रुतते, चेहरा लाल होतो, आणि शेजारी उभा असलेला मित्र मोजत असतो. मोजणाऱ्याचा उत्साह करणाऱ्यापेक्षा नेहमीच जास्त. शाळेतल्या पीटीच्या तासाला हात मानेमागे बांधायला शिकवलं होतं, ते पन्नाशीतही सुटलेलं नाही.

आमचे साडू धुळ्याला देवपुरात राहतात. त्यांनी हा प्रकार इतक्या निष्ठेनं केला की पारोळ्याच्या एका लग्नाला ते मानेला पट्टा लावून आले. धुळे आणि जळगाव यांच्या अध्येमध्ये असल्यानं पारोळ्याच्या लग्नात दोन्हीकडची मंडळी झाडून हजर. डावीकडून कोणी ‘राम राम’ केला की साडू पावलांपासून सगळेच वळत. जुनी माणसं म्हणाली, रुबाब वाढला. नवी म्हणाली, निवडणुकीला उभे राहणार दिसतात. खरी पंचाईत पंगतीत झाली. मान खाली जात नसल्यानं ताट दिसेना, आणि मान आडवी हलत नसल्यानं वाढप्याला ‘नको’ म्हणता येईना. हात आडवा धरावा, तर तो ताटापासून वीतभर लांब पडे. खानदेशी वाढपी तोंडी नकार ऐकत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. चौथी बट्टी पडली, पाचवी पडली. पोट कमी करायला निघालेला माणूस मानेपायी दुप्पट जेवून उठला.

त्यांच्या आई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मुलाकडे बघून अहिराणीत एवढंच विचारलं, “पोटनं काम मानले कसाले, रे भाऊ?”

म्हणजे, पोटाचं काम मानेला कशाला? शरीरशास्त्राच्या पुस्तकात याहून वेगळं काही लिहिलेलं नाही. पोटाच्या समोरचा लांब स्नायू ओटीपोटाखालच्या हाडापासून निघतो आणि वर बरगड्यांच्या कूर्चांना व छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाला जाऊन चिकटतो. तिथेच संपतो. डोक्याला तो कुठेही बांधलेला नाही. त्यामुळे डोकं कितीही ओढलं तरी त्या स्नायूला खबर लागत नाही. उलट मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. उताण्या अंगानं ते उचलून धरायचं काम मानेच्या पुढच्या स्नायूंचं. ते दमले की आपण हातांनी ओढतो, आणि मग मानेच्या मागच्या बाजूला ताण बसतो. कर्ज पोटाचं, हप्ते जामीनदाराला, अशी ही गत. पतसंस्थांच्या आमच्या जिल्ह्यात हे जास्त समजावून सांगायची गरज नसावी.

बरं, करायचाच असेल तर हा व्यायाम नीट करता येतो. गुडघे वाकवायचे, पावलं जमिनीवर टेकवायची. हात छातीवर घडी घालून ठेवायचे, नाहीतर बोटांची टोकं कानांमागे नुसती टेकवायची, गुंफायची नाहीत. हनुवटी आणि छाती यांच्यात मूठभर जागा राहू द्यायची आणि नजर गुडघ्यांऐवजी तिरकी वर ठेवायची. श्वास सोडत खांद्याची पाती जमिनीवरून सुटतील एवढंच वर यायचं. त्यापुढे नाक गुडघ्याला लावण्यात पोटापेक्षा मांडी उचलणारे स्नायूच जास्त राबतात, म्हणजे ती मेहनत निव्वळ मोजणाऱ्या मित्रासाठी. पोटाआधी मान दमली तर तिथेच थांबायचं. कॅनडातले पाठीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांची रीत आणखी सोपी आहे: एक पाय सरळ, एक गुडघ्यात दुमडलेला, दोन्ही तळवे कमरेखालच्या पोकळीत, आणि डोकं, मान, छाती एकसंध ठेवून जेमतेम वर उचलायची. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस काहीच करत नाही. मला तर हीच रीत जास्त पटली.

अमेरिकेच्या नौदलानंही 2021 मध्ये आपल्या शारीरिक चाचणीतून पोटाच्या व्यायामाचा हा प्रकार काढून टाकला आणि कोपरांवर अंग तोलून धरण्याचा प्लँक घेतला. प्लँकमध्ये हात जमिनीवर गुंतलेले, त्यामुळे मान ओढायला मोकळे राहतच नाहीत. ही सोय आमच्या साडूंसाठीच केल्यासारखी वाटते.

पण एवढं लांब जायचं कारण काय, हा माझा जुना प्रश्न. आमच्याच अमळनेरला शंभरेक वर्षांपूर्वी जगन्नाथ गणेश गुणे नावाचे मास्तर खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवत. पुढे हेच स्वामी कुवलयानंद झाले आणि 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात ते तयार झाले होते. 1920-21 च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौली या योगातल्या पोटाच्या क्रियांचा क्ष-किरणांनी अभ्यास केला. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांना दिसलं, आणि त्याला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. आता या दोन्ही क्रिया उभ्यानं होतात. गुडघे किंचित वाकवून, हात मांड्यांवर टेकवून, श्वास पूर्ण सोडून. पोटाला एवढं कामाला लावतात आणि मानेला कोणी हातही लावत नाही. अमळनेरवरून रोज ये-जा करणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. मोबाइलवर कोणी परदेशी पैलवान हेच ‘व्हॅक्यूम’ म्हणून दाखवतो, तेव्हा आम्ही ‘लाइक’ करतो. मात्र रिकाम्या पोटी आणि जाणत्याकडून शिकूनच करायचं. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अल्सर असलेल्यांनी आणि गरोदर बाईनं याच्या वाटेला जाऊ नये.

यातल्या कशानंही नेमकी पोटावरचीच चरबी उतरत नाही, हेही सांगून टाकतो. स्नायू बळकट होतो, तो चरबीखाली बळकट होतो. घेर कमी करायचा तर ताटाशीच बोलणी करावी लागतात, आणि ती साडूंनी मान सुटल्यावरही सुरू केलेली नाहीत.

एवढ्यावरही मान आखडलीच, तर दोन-चार दिवस व्यायाम बंद ठेवा, शेक द्या. हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, दुखणं खांद्यातून खाली उतरत असेल तर डॉक्टरांकडे जा. आणि कटिंगच्या दुकानात दाढीनंतर मान ‘कट्’ करून मोडून देणाऱ्या कारागिराला हात जोडून, तोंडानं, मोठ्यानं ‘नको’ म्हणा.