प्रायोरिटी सर

अमरावतीत प्रायोरिटी सरांना पत्ता विचारू नये. राजकमल चौकात कुणी ‘व्हीएमव्ही कुठं आलं’ म्हणून विचारलं, तर बाकीची माणसं हात दाखवतात. सर १९२३ सालापासून सुरुवात करतात. तेव्हा ते किंग एडवर्ड कॉलेज होतं, मग विदर्भ महाविद्यालय झालं, आता शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे. संस्था एक, नावं तीन, म्हणजे पहिलं वैध आणि पुढची दोन्ही सिनॉनिम. हे ऐकून होईपर्यंत विचारणाऱ्याला ज्या कामाला जायचं होतं, त्याची वेळ टळलेली असते. सर स्वतः ऑटोत बसताना ‘किंग एडवर्ड कॉलेज’ असंच सांगतात. एडवर्डशी त्यांना काही देणंघेणं नाही, पहिल्या नावाशी आहे. ऑटोवालाही आता सरावला आहे. तो म्हणतो, “व्हीएमव्ही म्हना ना सर, पैसे तेवढेच घेतो.”

सरांनी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. त्यातही त्यांचा जीव प्राण्यांपेक्षा त्यांच्या नावांत जास्त. वाघ समोर आला तर आधी पळावं की आधी त्याचं नाव कुणी, कधी ठेवलं ते आठवावं, यात सरांचा निर्णय दुसऱ्या बाजूनं लागेल, अशी विद्यार्थ्यांची खात्री होती. एकाच प्राण्याला दोघांनी दोन नावं दिली, तर आधी छापलेलं नाव खरं. दोन वेगळ्या प्राण्यांना एकच नाव पडलं, तर नंतरच्यानं मुकाट्यानं ते सोडायचं. हिशोब १७५८ पासून, म्हणजे लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून. भांडण मिटवायला १८९५ पासून आंतरराष्ट्रीय आयोग आहे. एवढ्या भांडवलावर सर सगळा संसार चालवू बघतात. त्यांचं ‘प्रायोरिटी सर’ हे नाव मुलांनी ठेवलं. आधी कोणत्या बॅचनं, याचा शोध सर अजून घेत आहेत.

त्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे कपाशीच्या पानामागची पांढरी माशी. ग्रीसमध्ये गेनाडियसनं १८८९ साली ती तंबाखूवर पाहून तिला नाव दिलं. पुढं १९२९ साली आपल्याकडच्या मिश्रा आणि लांबा या कीटकतज्ज्ञांना ती कपाशीवर दिसली; त्यांना वाटलं ही नवीच, त्यांनी वेगळं नाव दिलं. जगभर असंच चाललं होतं. अखेर १९५७ साली अमेरिकेतल्या लुईस रसेल बाईंनी नमुने शेजारी-शेजारी मांडून कितीतरी नावं एका झटक्यात त्या जुन्या नावाखाली घातली. एवढे जाणते लोक फसले कसे? माशीची जात ओळखतात तिच्या कोषावरून, आणि कोषाचं रूप बदलतं पानावरून. लव असलेल्या पानावर त्याला केस फुटतात, गुळगुळीत पानावर तो सफाचट. “पान बदललं की माशी कपडे बदलते, अन् आपन नवी पाहुनी आली म्हनून बारसं करतो!” सर हे वाक्य बोलायचे, तेव्हा मागच्या बाकावरचा झोपलेला मुलगाही जागा व्हायचा.

हा उत्साह घेऊन ते अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीत गेले. तिथं एक शेतकरी आपली दुखणी सांगत होता: हरभऱ्यावर घाटेअळी, कपाशीवर हिरवी बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी. सरांना राहवेना. “अरे भाऊ, एकच हाय ते! हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. पुस्तकात पयले हेलिओथिस म्हनत. नावं तीन, अळी एक!” शेतकऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग सर, एका पिकावर फवारलं तं तिन्ही पिकावरची मरते का?” प्राण्यांच्या नावांच्या संहितेत या प्रश्नाला कलम नाही. सरांनी त्याला चहा पाजला.

दुसऱ्या नियमाचा, म्हणजे होमोनिमचा, त्रास मात्र शेजाऱ्यांना होतो. वाड्यात दोन गोलू होते. सरांनी दोघांच्या जन्मतारखा मागवल्या आणि धाकट्याच्या आईला नाव बदलायची नोटीस दिली. पुरावा म्हणून प्लॅटिपसची कथा सांगितली. शॉ नावाच्या इंग्रजानं १७९९ साली त्या बदकतोंड्या प्राण्याला ‘प्लॅटिपस’ म्हटलं. पण हर्ब्स्टनं ते नाव १७९३ सालीच एका लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याला दिलं होतं. नाव भुंग्याकडं राहिलं. ब्लुमेनबाखनं १८०० साली ठेवलेलं ‘ऑर्निथोऱ्हिंकस’ प्लॅटिपसच्या गळ्यात पडलं, जातीचं नाव तेवढं शॉचं टिकलं. “एवढा मोठा प्रानी भुंग्यापुढं हारला, तुमचा गोलू तं काहीच नाई,” सर म्हणाले. त्या माउलीनं वर्षभर त्यांच्याकडं विरजण मागितलं नाही.

आंध्रच्या राजधानीचं नाव अमरावती ठरलं, तेव्हा चहाच्या टपरीवर एकानं सरांना कोंडीत पकडलं. “सर, तिकडचा स्तूप दोन हजार वर्षांचा. प्रायोरिटी त्याइचीच. आता आपन नाव बदलावं का?” सर एक घोट प्याले आणि म्हणाले, “इंग्रजीत लिहून पाहा. त्याइच्यात एक ‘ए’ जास्त हाय. प्रजातीच्या नावात एका अक्षराचा फरक असला तं होमोनिम होत नाई. केस खलास!” अमरावतीकरांच्या वतीनं इतका स्वस्तात खटला आजवर कुणी जिंकला नसेल.

या नियमानं त्यांच्या हातून एक चांगली गोष्टही झाली. सरांची सासुरवाडी अकोल्याची. लग्नात तांदळाचं ताट पुढं आलं, अंगठी हातात दिली, भटजी म्हणाले, नवं नाव लिहा. सरांनी नवरीचं माहेरचंच नाव लिहिलं. मांडवात कुजबुज सुरू झाली. सासरे म्हणाले, “जवाईबापू, नवं नाव लिहा ना.” सर म्हणाले, “मामाजी, तुमी ठेवलं ते पयलं. आता ठेवलं तं ते ज्युनिअर सिनॉनिम होते. टिकत नाई.” वऱ्हाडातल्या त्या काळच्या लग्नांत बायकोचं नाव न बदलणारे थोडे, आणि एवढ्या रुक्ष कारणासाठी न बदलणारे तर बहुधा हेच. काकू मात्र अजून सांगतात, “कारन काही असो, नाव वाचलं माह्यं.”

सरांच्या मनात एकच सल होता, तो मेळघाटातल्या गव्याचा. पाळीव मिथुनाला लॅम्बर्टनं १८०४ साली नाव दिलं, रानगव्याला हॅमिल्टन स्मिथनं १८२७ साली. दोघं एकाच जातीचे मानले, तर सरांच्या नियमानं रानगव्यानं पाळीव भावाचं नाव लावायला हवं. पण २००३ साली आयोगानं निकाल दिला, की रानटी मूळ जातींची रुळलेली नावं पाळीव वंशजांच्या जुन्या नावांखाली बुडवू नका. गव्यासह सतरा नावं वाचली. शिवाय संहितेतच पळवाट आहे: जुनं नाव १८९९ नंतर कुणीच वैध म्हणून वापरलेलं नसेल, आणि नवं नाव गेल्या पन्नास वर्षांत निदान दहा लेखकांनी निदान पंचवीस लिखाणांत वापरलं असेल, तर नवंच कायम. सर या कलमाला ‘वशिला’ म्हणत.

मग सरांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. शेवटी अकोल्याहून आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीनं, बाईंनी, माइक धरला. “आमचा बंड्या लहानपनी मुंगळ्याइले नावं ठेवत जाय...” सभागृह खदखदलं. एक जुना विद्यार्थी उठला. “सर, मंग प्रायोरिटीनं तुमचं वैध नाव बंड्याच नं?”

सर सावरून म्हणाले, “नाव प्रकाशित व्हावं लागते. पाळन्यातलं चालत नाई.”

“काहून नाई?” बाई कडाडल्या. “साऱ्या आळीनं घुगऱ्या खाल्ल्या तुह्या बारशाच्या! अजून काय पेपरात देतात?”

तेव्हा सरांनी जन्मात पहिल्यांदा वशिल्याच्या कलमाला हात घातला. नवं नाव पन्नास वर्षं चाललं आहे, दहाच काय, हजारांनी वापरलं आहे, म्हणून तेच कायम. विद्यार्थीही त्यांच्याच तालमीतला. “पन सर, जुनं नाव वापरातून गेलेलं पायजे.”

“मी तं आज सकायीच हाक मारली,” बाई म्हणाल्या.

सर खाली बसले. निकाल लागला होता, आणि तो त्यांच्याच पुस्तकाप्रमाणं होता.

माणसं सरांना हसतात. पण नावांचा गुंता कुणी सोडवला नाही, तर एकाच किडीवर दहा देशांत दहा नावांनी काम होतं आणि एकाचं शहाणपण दुसऱ्याच्या शेतापर्यंत पोचत नाही. आता तर जनुकं तपासणारे म्हणतात, ती पांढरी माशी म्हणजे दिसायला सारख्या अशा तीसहून अधिक जातींचा मेळा असावा. म्हणजे रसेल बाईंनी कपाटात ठेवलेली जुनी नावं पुन्हा बाहेर काढून बघायची वेळ आली. ती कुणी तरी नीट तारीखवार जपली, म्हणूनच सापडतात. सरांसारखी माणसं गावात एखाद-दुसरीच असावीत, पण असावीत जरूर. तुमच्याकडं बारसं असेल तर त्यांना अवश्य बोलवा. फक्त आमंत्रण घुगऱ्यांच्या वेळचं द्या, नाव ठेवायच्या वेळचं नको.