ससाणे, ससे आणि इतर सोयरे

आडनावांच्या बाबतीत मराठी माणसानं जवळपास कुठलाच प्राणी सोडलेला नाही. वाघ, कोल्हे, लांडगे, गरुड, कावळे, पारवे, चिमणे अशी सगळी जत्रा एकाच मतदारयादीत भेटते. ढेकणेही भेटतात, आणि ते सही अगदी ठसठशीत करतात. या गोतावळ्यात मला ससाणे हे आडनाव फार आवडतं. त्यात रुबाब आहे, पण आव नाही. गरुड म्हटलं की पाठोपाठ विष्णू येतो. वाघ म्हटलं की समोरच्याची कोटी ठरलेली. ससाणे मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाणीपट्टीचा हिशेब शांतपणे वाचून दाखवतात आणि कुणाला काही वाटत नाही.

खरी मौज शाळेच्या हजेरीपटात आहे. मुळाक्षरांच्या क्रमानं ससाणे आणि ससे लागोपाठ येतात. संस्कृतात या पक्ष्याला शशादन असा शब्द आहे, म्हणजे ससे खाणारा. आपला ससाणा त्याच घराण्यातला मानतात. म्हणजे ज्याच्या नावातच ससा गिळलेला आहे त्याच्या मांडीला मांडी लावून एक ससे दहावीपर्यंत बसतो, त्याची गणितं उतरवून घेतो, आणि मधल्या सुट्टीत डबे उघडले की कोण कुणाचं खातंय ते वर्गाला दिसतंच. (साहित्यिक मंडळींनी गल्लत करू नये. उदगीरच्या ९५व्या संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे, ससाणे नव्हेत. पत्रिका छापणाऱ्यानं एक काना इकडचा तिकडे केला की लेखकाचा शिकारी पक्षी होतो.)

पुण्यात हडपसरला ससाणेनगर आहे. बहिरी ससाणा हा जगातला सगळ्यात वेगवान पक्षी. सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. त्याच्या कुळनावाच्या या वस्तीतून संध्याकाळी सात वाजता बाहेर पडून दाखवा. मी तिथे स्कूटर बंद करून पुडीतले शेंगदाणे संपवले आहेत, सोललेले नव्हे, टरफलांसकट घेतलेले.

आता हे ‘बहिरी’ प्रकरण. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात नावेतून पक्षी दाखवतात. पाण्यातून वर आलेल्या एका वाळक्या खोडावर तो बसलेला होता. पाठ पाटीसारखी निळसर करडी, पोटावर बारीक आडव्या रेघा, डोळ्यांखालून गालांवर उतरलेल्या काळ्याभोर मिशा. नावाड्यानं वल्हं थांबवलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, “बहिरी ससाणा.” त्यावर नावेतल्या एका काकूंनी भरघोस आवाजात विचारलं, “अगंबाई! म्हणजे ऐकूच येत नाही का हो दादा त्याला?”

“येतं की काकू,” नावाडी म्हणाला, “म्हणून तर जरा हळू बोला.”

काकूंची काही चूक नाही. हा ‘बहिरी’ कानाशी संबंधित नाहीच. तो अरबी-फारसीतल्या ‘बहर’ म्हणजे समुद्र या शब्दावरून आला. बहरीन देशाच्या नावात जो समुद्र आहे तोच इथे आहे. ‘बहरी’ म्हणजे दर्याचा पक्षी. शास्त्रीय नावातलं पेरेग्रिनस म्हणजे परदेशी, वाटसरू. दोन्ही भाषांनी त्याला प्रवासी ठरवलं. मराठीत पोचेपर्यंत मात्र बिचाऱ्याचे कान गेले.

“आणि तो नाही, ती आहे,” नावाड्यानं पुस्ती जोडली. “केवढी थोराड आहे बघा.” काकूंनी एकदा त्या मिशांकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे.

इथे मला जुन्या शिकारखान्यांची भाषा आठवते. ससाण्यांमध्ये आणि त्यांच्यासारख्या शिकारी पक्ष्यांमध्ये मादी नरापेक्षा चांगली मोठी आणि ताकदीची असते, त्यामुळे राजेरजवाडे हातावर मिरवायचे ती बहुधा तीच. साहजिकच जातीचं भारदस्त नाव तिला, आणि नराला वेगळं, जरा हलक्यातलं. बाज ही मादी; तिचा नर जुर्रा. शिक्रा मादी, नर चिपका. लग्गडचा नर झग्गड. इंग्रजांकडेही तोच न्याय: ‘फाल्कन’ म्हणजे नेमकेपणानं मादीच, नराला दुसरा शब्द, तोही तो एक तृतीयांशानं लहान म्हणून पडलेला, असं सांगतात. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर हे पाळणं संपलं आणि जुर्रा, चिपका ही नावं कोशात जाऊन बसली. बायकांची नावं तेवढी राहिली, आणि ती पुरुषांनी घेतली.

कशी, ते पाहा. शाहीन म्हणजे फारसीत शाही पक्षी. आपल्याकडे शाहीन नावाच्या शिक्षिका आणि डॉक्टरीणबाई पुष्कळ. सीमेपलीकडे तेच नाव लावून शाहीन आफ्रिदी नवा चेंडू आत आणतो. तुर्कस्तानात १९३४ साली कायदा झाला की प्रत्येकानं आडनाव घेतलंच पाहिजे. आजवर नुसत्या नावावर भागलेल्या माणसांना एकाएकी कुळनाव निवडायची मुभा मिळाली, तर कोण चिमणे होईल? शाहीन आणि दोआन ही आडनावं तिथे आज भरपूर आहेत, दोन्हींचा अर्थ ससाणा. पुढे तिथल्या एका कारखान्यानं फियाटच्या जुन्या साच्यावरून मोटारी काढल्या आणि त्यांना शाहीन, दोआन, कार्ताल अशी शिकारी पक्ष्यांची नावं दिली. गाड्या दिसायला चौकोनी, चालायला सोशिक. आपण मात्र आपल्या फियाटला पद्मिनी म्हटलं. यात संस्कृतीचा काही फरक असेलच, पण घाटात दोघींचंही रेडिएटर सारखंच तापत असणार.

जपान्यांनी वेगाच्या नावाला वेगच दिला. हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. १९९९ साली सुझुकीनं या नावाची मोटारसायकल आणली तेव्हा वेगात पहिला नंबर होंडाच्या ‘ब्लॅकबर्ड’चा होता, आणि ससाणा असले पक्षी खातो. नाव ठेवणाऱ्याला नोकरीत बढती मिळाली असेल तर ती रास्त. २००४ मध्ये ‘धूम’ आला आणि गल्लोगल्ली हायाबुसाचं पोस्टर लागलं. आपली पोरं तिला ‘बुसा’ म्हणतात. त्याच नावाचं जपानी यान २०१० मध्ये एका लघुग्रहावरची धूळ घेऊन परतलं, ते फारसं कुणाच्या भिंतीवर लागलं नाही.

आपल्या नौदलानं हवाई तळांना पक्ष्यांची नावं दिली आहेत. गोव्यात हंसा, कोचीला गरुड, मुंबईत कुलाब्याला शिक्रा, आणि पार खाली ग्रेट निकोबारला बाज, २०१२ पासूनचा. त्यामुळे ‘पंतप्रधान शिक्रावर उतरले’ अशी बातमी आपण निर्विकारपणे वाचतो. शिक्रा जेमतेम कबुतराएवढा असतो, हे वाक्य पक्षीमित्रांनी वाचू नये. जुर्रा नावाचा तळ मात्र मला कुठे सापडला नाही.

वादळांनीही हे नाव सोडलं नाही. २०२१च्या सप्टेंबरात बंगालच्या उपसागरात ‘गुलाब’ नावाचं चक्रीवादळ उठलं. ते दख्खन ओलांडताना मराठवाड्यात सोयाबीन पाण्यात बुडवून गेलं, आणि त्याचं उरलंसुरलं बळ अरबी समुद्रात उतरून पुन्हा वादळ झालं तेव्हा नियमाप्रमाणे त्याचं नाव बदललं: ‘शाहीन’. माहेरी गुलाब, सासरी शाहीन, आणि मग थेट ओमानला जाऊन धडक. नाव बदलल्यानं स्वभाव बदलत नाही, हे आपल्याकडच्या सासवांना आधीपासून ठाऊक होतं.

एवढ्या पराक्रमी नावाची वंशावळ एकदा तपासून घ्यावी, असं शास्त्रज्ञांना वाटलं. २००८ मध्ये १६९ जातींच्या पक्ष्यांची जनुकं ताडून पाहणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून निघालं असं की ससाणे हे घार, गरुड, शिक्रा यांच्या भावकीतले नव्हेतच. चोच वाकडी, नखं वाकडी, धंदा एक, म्हणून आपण त्यांना एका पंगतीत बसवत होतो. त्यांचं जवळचं नातं निघालं पोपटांशी. मराठीत ज्याला पोपट होणं म्हणतात, ते असं ससाण्याचं झालं, तेही पुराव्यानिशी.

आता अडचण व्यवहाराची आहे. मुंबईत पोपट आडनावाची गुजराती घरं आहेत. त्यांच्यातलं एखादं स्थळ हडपसरच्या ससाण्यांकडे सांगून आलं, तर पत्रिका जुळेल, पोरापोरीची पसंतीही होईल. पण कुणी पक्षीमित्र मामा मध्ये पडून सगोत्र विवाह म्हणून मोडता घालेल. गरुडांकडे बघायला मात्र आता काहीच हरकत नाही.